घर त्याचं, दुकान माझं

वकिलाकडे जाताना माणसानं एकटं जावं आणि आपला प्रश्न आपल्या तोंडानं विचारावा. एवढी साधी गोष्ट मला वेळेवर कुणी सांगितली असती तर आयुष्याची चार-पाच वर्षं वाचली असती. मी गेले तेव्हा एका बाजूला नवरा होता, दुसऱ्या बाजूला मोठे दीर, आणि मध्ये मी, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात धरून आणलेल्या पोरीसारखी. माझं वय तेव्हा चौतीस होतं.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन बंगळूरला आले. सासरचे लोक मराठीच, पण कित्येक पिढ्या तिथं काढलेले. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की पहिले सहा महिने मला निम्मं बोलणं अंदाजानं घ्यावं लागे. थोडं थांब म्हणायचं तर "स्वल्प थांब", कुठल्याही गोष्टीला हो म्हणायचं तर "सरी, सरी". मोठ्या दिरांना सगळे अण्णा म्हणायचे, जावेला अक्का. मलाही ते सगळं गोड वाटायचं. नवऱ्याला मी तेव्हा अहो-जाहो करत असे. आता लिहिताना 'तो' म्हणते, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

त्यांच्यात एक रीत होती. घर पुरुषाच्या नावावर, पण नवा धंदा नव्या सुनेच्या नावावर. सून म्हणजे लक्ष्मी. तिच्या नावानं दुकान उघडलं की बरकत येते. नवऱ्याला बसवनगुडीत शाळेच्या गणवेशांचं दुकान काढायचं होतं आणि म्हणे माझ्या पायगुणासाठीच ते अडलं होतं. लायसन माझ्या नावावर, विक्रीकराचा नंबर माझ्या नावावर, बँकेतलं खातं माझ्या नावावर. मी वडिलांना पत्र लिहिलं, 'मी दुकानाची मालकीण झाले.' त्यांनी ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं.

मालकीण गल्ल्यावर मात्र कधी बसली नाही. मी मागच्या खोलीत कापड बेतायची, काजं-बटणं करणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायची. गल्ल्यावर तो. वर्षातून एकदा माझी मालकी उजेडात यायची, ती दिवाळीच्या पाडव्याला. वह्यांच्या पूजेत नवी कोरी चेकबुकं पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, आणि मग लक्ष्मीनं, म्हणजे मी, सगळ्या पानांवर एका बैठकीत सह्या करायच्या. वर्षाच्या व्यवहाराला लक्ष्मीचा हात लागला पाहिजे! अक्का शेजारी बसून पानं उलटायच्या. शेवटाला माझा हात भरून यायचा, सही वाकडी व्हायची आणि सगळे कौतुकानं हसायचे. कोऱ्या चेकवर सही करू नये, हे दहावीला गणितात शाळेत पहिली आलेल्या मला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण नवी साडी नेसून, पूजेच्या पाटासमोर, भरल्या घरात "हे कोरे आहेत" असं म्हणायला जी जीभ लागते ती मला नव्हती. आज त्या बाईचा मला जितका राग येतो तितका नवऱ्याचाही येत नाही.

दुकान चाललं, नाही म्हणायचं नाही. त्या कमाईतून बनशंकरीच्या पुढे एका थर्टी-फॉर्टी साइटवर, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर, घर उभं राहिलं. रीतीप्रमाणे त्याच्या नावावर.

मग आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या एका शाळेनं गणवेशाची चौकडी बदलली. मरून रंगाची होती ती हिरवी केली. शाळेनं तसं पत्र जानेवारीतच पाठवलं होतं. पण नवऱ्यानं त्याआधी स्वस्तात मिळते म्हणून दोन वर्षांना पुरेल इतकी मरून चौकडी उचलली होती, म्हणून ते पत्र त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. शाळेचं मन पालटेल अशी त्याला आशा होती. शाळेचं मन कशाला पालटेल? मे महिन्यात पालक आले, हिरवी चौकडी मागू लागले, आणि आमच्याकडे जमिनीपासून छतापर्यंत मरून. मग हिरवी उधारीवर आणली. ती उधारी फेडायला दुसरीकडून उचल, त्या उचलीपायी तिसरीकडून. चिकपेटच्या घाऊक व्यापाऱ्यांना पुढच्या तारखा टाकून चेक दिले गेले. चेक पाडव्याचे, हळदीचे डाग पडलेले. अक्षर त्याचं, सही माझी.

हे सगळं मला कधी कळलं, तर रजिस्टर पोस्टानं माझ्या नावावर नोटीस आली तेव्हा. एक चेक न वटता परत आला होता. पोस्टमननं सही माझी घेतली, आणि मी पाकीट फोडायच्या आत नवऱ्यानं ते हातातून काढून घेतलं. "काय नाही ते. अण्णांशी बोलतो," म्हणाला.

अण्णांच्या ओळखीचे एक म्हातारे वकील होते. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस. तिथं तासभर बोलणं झालं. वकील कन्नडमध्ये बोलत होते आणि मध्ये मध्ये कायद्याचे इंग्रजी शब्द. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं, रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं. सुरुवातीला मी कान देऊन ऐकलं. मग वकिलांच्या बायकोनं कॉफी आणून दिली, मी कॉफी प्यायले, भिंतीवरचे देवांचे फोटो पाहिले. शेवटी वकील माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "एनू चिंते माडबेडी, अम्मा." काही काळजी करू नका. तासाभरात माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य, आणि ते मला नीट कळलं म्हणून मी खूश झाले.

बाकीचं अण्णांनी घरी आल्यावर सांगितलं.

"हे बघ, सुम्ने कागदावर घटस्फोट घ्यायचा." सुम्ने म्हणजे उगाच, नुसता. "दोघांच्या राजीखुशीचा. आज अर्ज घातला की सहा महिन्यांनी परत एकदा जाऊन हो म्हणायचं, की झालं. त्यात लिहायचं, की तुझा या घरावर काही हक्क नाही. मग तू नादारीचा अर्ज टाकायचा. कर्ज सगळं तुझ्या नावावर, आणि तुझ्याकडं काय आहे? काय नाही. मग लोक काय घेणार? घर वाचलं बघ."

"आणि मी?"

"तुला काय झालंय? तू आपली घरीच राहा. आहे तसंच सगळं."

"मग परत लग्न करायचं का आम्ही?"

यावर सगळे हसले. अक्का म्हणाल्या, "देवासमोर लागलेलं लग्न कागदानं मोडतं काय ग, वेडी?" मीसुद्धा हसले. अर्ज इंग्रजीत होता, बारा पानी. जिथं जिथं पेन्सिलीनं फुली मारली होती तिथं तिथं सह्या केल्या. सह्या करायची मला सवयच होती.

त्या अर्जात लिहिलं होतं की आम्ही वर्षभर वेगळे राहतो, मी सांगलीला माहेरी असते आणि आमचे स्वभाव जुळत नाहीत. ज्या सकाळी तो दाखल केला त्या सकाळी मी नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री केली होती. फॅमिली कोर्टात सल्ला द्यायला एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "भांडण कशावरून?" आम्ही पाठ केल्याप्रमाणे म्हणालो, "स्वभाव." त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे नक्की काय?" नवरा हातातल्या फायलीची दोरी सोडू-बांधू लागला. तेव्हा मीच त्याच्या मदतीला धावले आणि म्हणाले की हे घोरतात. परत येताना आम्ही हॉटेलात बसून एकाच प्लेटमधला मसाला डोसा खाल्ला. मला त्या दिवशी, खरं सांगते, थोडी मजा वाटली होती. सिनेमात काम केल्यासारखी.

सहा महिने थांबायचं होतं. त्या दिवसांत अण्णा मधून मधून येत आणि म्हणत, पुरावा पाहिजे. म्हणून माझे कपडे मागच्या खोलीतल्या कपाटात गेले. कुणी व्यापारी घरी आला तर मी बाहेर यायचं नाही. फोन उचलायचा नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर माहेरून चार दिवस आलेय म्हणायचं. शेजारच्या बाई रोज माझ्याकडून विरजण न्यायच्या; त्यांना मी हे कोणत्या तोंडानं सांगणार होते? तरी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून विरजण मागायला आल्या नाहीत.

मग एके दिवशी मी रेशनच्या दुकानात साखर आणायला गेले. दुकानदारानं कार्ड उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "निम्म हेसरु इल्ला, अम्मा." तुमचं नाव नाही यात. मी कार्ड हातात घेऊन पाहिलं. माझ्या नावावर लाल रेघ होती आणि बाजूला शिक्का. दुकानदार माझी चूक असल्यासारखा बघत होता, मागे रांग उभी होती. माणसाचं नाव रेशनकार्डातून दोनच कारणांनी जातं. एक तर ते मेलेलं असतं, नाही तर दुसऱ्या घरी गेलेलं असतं. मी पिशवी घेऊन उभी होते आणि डोक्यात संताप भरत होता.

घरी विचारलं तर नवरा म्हणाला, "पुरावा लागतो ग. तुला का एवढं?"

त्या शनिवारी मी कुणाला न सांगता गेले. बायकांना फुकट कायदेशीर सल्ला देणारी एक जागा होती, एका शाळेचा वर्ग, शनिवारी दुपारी उघडा. वकीलबाई माझ्याहून लहान, केस कापलेले, नाक सर्दीनं लाल. आम्ही हिंदीत बोललो, दोघींची हिंदी सारखीच वाईट. तिनं एकामागून एक साधे प्रश्न विचारले. घर कुणाचं? कर्ज कुणाचं? चेकवर सही कुणाची? मूल? मूल नाही. नोकरी? नाही. मी उत्तरं देत गेले आणि देता देताच मला कळत गेलं. कुणी माझ्याकडून हे असं एका ओळीत वदवूनच घेतलं नव्हतं.

ती म्हणाली, घटस्फोट झाला की तो खरा. कागदावरचा आणि खरा असे दोन घटस्फोट नसतात. मग त्या घरात राहायचा तुम्हाला हक्क नाही. उद्या नवऱ्यानं दुसरी आणली तरी तुम्ही बोलू शकत नाही. आज तुमच्याकडे काही नाही म्हणून नादारी ठीक वाटते, पण पुढे वडिलांकडून काही आलं तर तेही देणेकऱ्यांत जाईल.

"आणि चेक?" मी विचारलं.

"नादारी से चेक का केस नहीं जाता. वो फौजदारी है. जेल भी हो सकती है."

"किसको?"

तिनं नाक पुसलं. "साइन किसकी है?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानं फासाचा दोर स्वतः हळदकुंकू लावून, दरवर्षी, नवी साडी नेसून वळला होता. मी विचारलं, आता काय करायचं? ती म्हणाली, दुसऱ्या तारखेला तुम्ही हो म्हणाल तरच हा घटस्फोट होतो. तोवर तुमच्या हातात आहे. एवढ्या गोष्टी तिनं पाव तासात सांगितल्या. इतके महिने ज्या घरात चोवीस तास हाच विषय चालला होता तिथं कुणाला तो पाव तास मिळाला नव्हता.

पण मी लगेच भांडले नाही. कारण मनाशी मी एक पक्कं धरलं होतं, की नवऱ्यालाही हे माहीत नसणार. भोळा आहे, अण्णांच्या ओंजळीनं पाणी पितो. त्याला नीट समजावलं की तोच म्हणेल, छे, असलं काही करायचं नाही. या एका आशेवर मी तारखेपर्यंत दिवस काढले. सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. त्याचं उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तारखेच्या सकाळी आम्ही रिक्षानं निघालो. अण्णा परस्पर कोर्टात येणार होते. वाटेत गर्दीत रिक्षा अडकली, रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि मी म्हटलं, आता. सगळं सांगितलं, वकीलबाईनं सांगितलं तसंच, मराठीत, सावकाश, बोटं मोजून. घर, नादारी, चेक, तुरुंग. तो समोर बघत ऐकत होता.

"माहीत आहे," म्हणाला.

"कधीपासून?"

"वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की. चेकचं पण सांगितलं. तू होतीस ना तिथं."

मी तिथं होते. मी कॉफी पीत होते.

"मग मला का नाही सांगितलं तुम्ही?"

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं. "सांगितलं असतं तर सही केली असतीस का तू?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. तेवढ्यात रिक्षा सुरू झाली.

कोर्टात आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी आधी त्याला विचारलं, तो हो म्हणाला. मग मला. मी नाही म्हणाले. म्हातारे वकील पुढे झाले, बाई घाबरल्यात म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं आणि मला हिंदीत विचारलं, "म्हणजे तुम्हाला नवऱ्याबरोबर नांदायचं आहे?"

"नाही."

"मग घटस्फोट हवा आहे?"

"असा नको."

"मग हवं तरी काय तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला. त्यांचंही बरोबर होतं, बाहेर रांग होती.

"कर्ज त्यांचं आहे. ते त्यांच्या नावावर लिहा."

"ते या कोर्टाचं काम नाही, बाई."

हे वाक्य मी पुढे इतक्या ठिकाणी ऐकलं की ऐकताना झोप येऊ लागली. बँक म्हणाली, आमचं काम नाही. विक्रीकरवाले म्हणाले, रेकॉर्डला मालकीण तुम्हीच. पोलीस म्हणाले, घरचं भांडण आहे, घरात मिटवा. मला तर मिटवायचंच होतं, पण घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. अक्कांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, "तुझ्या पायगुणानं दुकान आलं, तुझ्याच पायगुणानं घर जाणार."

तोवर बाकीचे चेकही परत गेले होते आणि माझ्यावर केसेस पडल्या होत्या. शेवटी मी चिकपेटला गेले, वकीलबाईला सोबत घेऊन. सगळ्यात मोठं देणं ज्यांचं होतं त्या व्यापाऱ्यांना सगळं सांगितलं, कागदावरच्या घटस्फोटाचा बेतसुद्धा. मला वाटलं होतं ते उसळतील. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बहनजी, बहू के नाम पे माल कौन देता है? हमने तो मकान देख के दिया था." म्हणजे कर्ज कुणाचं हे त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं! ठाऊक नव्हतं ते फक्त कागदाला. मला तुरुंगात घालून त्यांचा काय फायदा होता? त्यांना पैसे हवे होते. त्यांनी बाकीच्या व्यापाऱ्यांना गोळा केलं आणि नवऱ्याला बोलावून सांगितलं, की घर विकून द्या, नाहीतर घटस्फोटाच्या अर्जाबरोबरचं खोटं प्रतिज्ञापत्र कोर्टापुढे नेतो. त्यावर सही त्याचीही होती. तुरुंगाचा शब्द त्याच्या कानावर पडला आणि चार महिन्यांत घर विकलं गेलं. व्यापाऱ्यांनी माझ्यावरच्या चेकच्या केसेस मागे घेतल्या.

मी एका गारमेंट फॅक्टरीत कटिंगच्या टेबलावर लागले आणि हॉस्टेलात राहायला गेले. दोन वर्षांनी आम्ही परत राजीखुशीचा अर्ज घातला. या वेळी अर्ज मी स्वतः वाचला, पुरे दोन दिवस लावून, अडलेल्या शब्दांवर खुणा करत. वेगळं राहणं खरं होतं, स्वभाव न जुळणं खरं होतं. अण्णा आले नव्हते. सहा महिन्यांनी आम्ही दोघंही हो म्हणालो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो.

बाहेरच्या पॅसेजमध्ये तो थांबला. केस पांढरे झाले होते, शर्टाला इस्त्री नव्हती. मला क्षणभर वाईट वाटलं, ते लपवत नाही. तो म्हणाला, "हेच 'हो' तेव्हा म्हणाली असतीस तर? निदान घर तरी राहिलं असतं."

"कुणाचं?" मी विचारलं.

"म्हणजे?" त्यानं विचारलं. उत्तर टाळत नव्हता तो; त्याला प्रश्नच कळला नव्हता. बारा वर्षं मी त्याच्याशी संसार केला होता.